एका खेड्याचे वर्तमानपत्र

एखाद्या गावाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम देवळातील शिलालेख शोधतो, मग इनामाच्या सनदा पाहतो आणि शेवटी गॅझेटियर उघडतो. या तिन्ही ठिकाणी त्यास राजे भेटतात, अधिकारी भेटतात, देणगीदार भेटतात. परंतु गाव क्वचितच भेटते. कोणत्या वर्षी पाटाला पाणी आले नाही, कोणाची विहीर खचली, शाळेची इमारत किती वेळा मंजूर होऊन किती वेळा नामंजूर झाली, बाजारात ज्वारीचा भाव काय होता, फायनलच्या परीक्षेत कोणाची मुले उतरली, या गोष्टी दगडावर कोणी कोरत नाही. त्या सापडतात स्थानिक साप्ताहिकाच्या चार पानांत. आणि ती चार पाने रद्दीच्या भावाने विकली जातात.

वाचकहो, या महिन्यात हा विषय घेण्यास एक कारण घडले आहे, ते आधी सांगितले पाहिजे. कारण त्यात दोष आमचाच आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी आम्ही मुख्याध्यापक म्हणून नुकतेच रुजू झालो होतो. शाळेच्या अडगळीच्या खोलीत मोडकी बाके, फुटके पृथ्वीगोल आणि कोपऱ्यात जुन्या साप्ताहिकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. ते साप्ताहिक त्याच गावी निघत असे आणि कित्येक वर्षांपूर्वी बंद पडले होते. खोली वर्गासाठी हवी होती. मोडीत काढावयाच्या वस्तूंची यादी तयार झाली, तीत ‘जुने कागद’ अशी एक ओळ होती, आणि त्या यादीखाली आम्ही सही केली.

पुढच्याच वर्षी सत्तरीच्या घरातील एक बाई नातवाचा हात धरून शाळेत आल्या. १९५३ साली, म्हणजे बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता त्या काळी, त्या फायनल उत्तीर्ण झाल्या होत्या आणि त्यांचे नाव त्या साप्ताहिकात छापून आले होते. "गुरुजी, तो अंक तुमच्या शाळेत असेल असं कुणी सांगितलं. नातवाला एकदा दाखवायचा होता," त्या म्हणाल्या. आम्ही गठ्ठ्यांचे काय झाले ते सांगितले. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग आम्हांलाच धीर दिल्यासारख्या म्हणाल्या, "असू द्या. मला पाठ आहे ते." आणि तीन ओळींची ती बातमी त्यांनी गावाच्या नावासह आणि वडिलांच्या नावासह घडाघडा म्हणून दाखविली.

लग्नपत्रिका सोडली तर त्यांचे नाव आयुष्यात त्या एकाच वेळी छापले गेले होते. त्या दिवसापासून स्थानिक वर्तमानपत्र या वस्तूकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. अलीकडे जुन्या मराठी वृत्तपत्रांविषयी जे काही वाचनात आले, त्यात एका पत्राची हकीकत आम्हांस विशेष मोलाची वाटली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मराठी वृत्तपत्राचा जन्म मुंबईस झाला, हे आपण शाळेत शिकतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले. १८४९ साली पुण्यास ‘ज्ञानप्रकाश’ निघाले. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांच्या ठिकाणी पत्रे निघू लागली. साताऱ्यास ‘शुभसूचक’ निघाले आणि आपल्या बेळगावात १८६३ मध्ये ‘बेळगाव समाचार’ सुरू झाले. पुढे १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी येथेच ‘तरुण भारत’ सुरू केले, हे तर आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु ही सारी जिल्ह्याची गावे. तेथे कचेरी असे, वकील असत, हायस्कूल असे, म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा असे दोघेही असत. जेथे यांपैकी काहीच नाही अशा खेड्यातून वर्तमानपत्र काढावे आणि ते दोनचार वर्षे नव्हे, तर सत्तावन्न वर्षे चालवावे, हे धाडस एका माणसाने केले. त्या खेड्याचे नाव तरवडी. तालुका नेवासे, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर असे नाव मिळाले आहे. पत्राचे नाव ‘दीनमित्र’ आणि संपादकांचे नाव मुकुंदराव पाटील.

या कथेचा उगम तरवडीच्या आधी शोधावा लागतो. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाचे म्हणणे लोकांपुढे नेण्यास वर्तमानपत्र हवे होते, आणि ते काम फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी अंगावर घेतले. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. तीनएक वर्षे पदरमोड करून त्यांनी ते चालविले. पुढे १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले आणि गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे त्यातून मांडले. भालेकरांनी नंतर ‘बळीबा पाटील’ ही कादंबरी लिहिली, जिची गणना मराठीतील अगदी आरंभीच्या ग्रामीण कादंबऱ्यांत होते. १८८८ मध्ये गणपतराव सखाराम पाटील यांनी ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले. तेही फार काळ टिकले नाही. मुकुंदराव हे या भालेकरांचे पुत्र. त्यांचा जन्म १८८५ सालचा. ते दत्तक गेले गणपतराव पाटलांच्या घराण्यात. म्हणजे जन्मदात्या वडिलांकडून ‘दीनबंधु’चा वारसा आणि दत्तक घराण्याकडून ‘दीनमित्र’ हे नाव, असे दुहेरी ऋण घेऊन हा तरुण उभा राहिला. २३ नोव्हेंबर १९१० रोजी त्याने ‘दीनमित्र’ साप्ताहिकरूपाने पुन्हा सुरू केले. तेव्हा त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते.

त्या वर्षाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. १९१० च्या फेब्रुवारीत सरकारने नवा मुद्रण कायदा केला होता. नवा छापखाना घालणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार त्याने मॅजिस्ट्रेटला दिला होता आणि आक्षेपार्ह मजकूर छापल्यास ती रक्कम जप्त होत असे. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. वर्तमानपत्र काढण्यास याहून प्रतिकूल मुहूर्त शोधून सापडला नसता. आणि वाचक? १९११ च्या खानेसुमारीत साऱ्या हिंदुस्थानात शंभरांमागे सहा माणसेदेखील साक्षर नव्हती. स्त्रियांत तर ते प्रमाण जेमतेम एक होते. खेड्यांतील शेतकऱ्यांपुरतेच पाहिले तर आकडा याहूनही खाली जाणार. ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे त्यांनाच वाचता येत नाही, हा पेच घेऊन मुकुंदराव कामाला लागले.

या पेचातून वाट काढली ती गावाच्या रिवाजानेच. एक वाचतो आणि वीस ऐकतात, ही आपल्याकडील पोथीची जुनी रीत. श्रावणात शिवलीलामृत जसे ऐकले जाते तसेच वर्तमानपत्रही चावडीवर, पारावर, दुकानाच्या फळीवर ऐकले जाऊ लागले. एक अंक म्हणजे एक वाचक असा हिशोब शहरात खरा. खेड्यात तो लागू पडत नाही. तेव्हा अशा पत्राची भाषा डोळ्यांसाठी नव्हे, कानांसाठी लिहावी लागते. वाक्य एका दमात म्हणता आले पाहिजे, म्हणी ओळखीच्या पाहिजेत आणि टोला बसला की ऐकणाऱ्यांत हशा पिकला पाहिजे. मुकुंदरावांना ही हातोटी साधली होती. त्यांचे ‘आसुडाचे फटके’ हे सदर गाजले. ‘असूड’ हा शब्द काढला की फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आठवतो, आणि तो आठवावा हाच हेतू असणार.

छापण्याचे काम तर आजच्या तरुणांना परीकथेसारखे वाटेल. संगणकावर बोटे फिरविली की पान तयार, हा प्रकार फार अलीकडचा. त्या काळी प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा असे. इंग्रजीची सव्वीस अक्षरे लहानमोठी धरली तरी खणांची संख्या आटोक्यात राहते. परंतु आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि असंख्य जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांच्या पेटीला शेकडो खण लागतात. जुळारी हातात पट्टी धरून उलटी अक्षरे वाचण्यास सरावलेला असावा लागे. मजकुरात एखादे जोडाक्षर वारंवार आले आणि त्याचे खिळे संपले की संपादकाला शब्द बदलावा लागे. चुका तपासावयाच्या, फर्मा आवळावयाचा, रूळाने शाई लावावयाची, एक बाजू छापून वाळू द्यावयाची, मग दुसरी बाजू. पावसाळ्यात कागद दमट होई, उन्हाळ्यात शाई वाळे. खिळे झिजले तर ते खेड्यात मिळत नसत. कागद, शाई, खिळे, सारे शहरातून आणावयाचे आणि छापलेले अंक पत्ते लिहून टपालात घालावयाचे. जुळारी आजारी पडला किंवा सुगीत मजूर शेतावर गेला की अंक अडला. शहरात अशा वेळी दुसरा छापखाना शेजारच्या गल्लीत असतो. खेड्यात दुसरा छापखाना नसतोच.

एवढा उपद्व्याप कशासाठी? पत्र पुण्यात किंवा अहमदनगरात बसून काढता आले नसते काय? आमच्या मते ‘दीनमित्र’चे सारे मोल या प्रश्नाच्या उत्तरात आहे. शहरातून निघणारे पत्र खेड्याविषयी लिहिते. खेड्यातून निघणारे पत्र खेड्यातून लिहिते. पहिल्यात शेतकरी हा ‘बिचारा’ असतो किंवा ‘अन्नदाता’ असतो. दुसऱ्यात तो शेजारी असतो. संपादक ज्या कुलकर्ण्याच्या दप्तराविषयी लिहितो, तो कुलकर्णी उद्या सकाळी त्याला वाटेवर भेटणार असतो. तेव्हा खोटे लिहिण्याची सोय नसते, आणि खरे लिहिण्यास छाती लागते.

कुलकर्ण्याचे नाव निघालेच आहे तर त्याविषयी दोन शब्द. गावचे दप्तर वंशपरंपरेने कुलकर्ण्याकडे असे. कोणाचे शेत किती, सारा किती, बाकी किती, हे सारे त्याच्या लेखणीत. ज्याला वाचता येत नाही त्या कुणब्याने अंगठा उमटवावयाचा आणि काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्यावरच सोपवावयाचे. सगळेच कुलकर्णी लबाड होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या व्यवस्थेत एकाला लिहिता येते, दुसऱ्याला येत नाही आणि जमीन त्या कागदावर अवलंबून असते, ती व्यवस्थाच लबाडीला आमंत्रण देते. मुकुंदरावांनी १९१३ मध्ये ‘कुलकर्णी लीलामृत’ हे काव्य लिहिले. नाव पोथीचे आणि आशय गावच्या दप्तराचा! याच सुमारास कुलकर्णी वतन बंद करावे अशी मागणी जोर धरू लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हे वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात मात्र परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करणारा कायदा होण्यास १९५० साल उजाडावे लागले. ज्या पिढीने ही मागणी प्रथम ऐकली तिच्यातील कित्येकांना त्याचे फळ दिसले नसणार. वर्तमानपत्राचे काम असेच असते; बी पेरणाराच पीक कापील असा नेम नाही.

‘होळीची पोळी’ आणि ‘ढढ्ढाशास्त्री पराण्णे’ या मुकुंदरावांच्या कादंबऱ्याही याच विचारांच्या. धर्माच्या नावाने चालणारा स्वार्थ आणि जन्मावरून ठरणारे श्रेष्ठत्व यांवर त्यांचा रोख आहे. त्यांची लेखणी तिखट होती आणि पुष्कळांना ती झोंबली. या मासिकाच्या वाचकांतही कोणास ती आज झोंबेल. आमचे एवढेच म्हणणे आहे की फटका कोणाच्या पाठीवर बसला हे मोजण्यापूर्वी तो कोणत्या दुखण्यातून उठला हे पाहावे. एकोणिसाव्या शतकातील आपली बहुतेक पत्रे ज्यांनी लिहिली आणि ज्यांनी वाचली ते एकाच वर्गातले होते. त्या पत्रांत शेतकऱ्याची स्थिती होती, पण त्याचा आवाज नव्हता. तो आवाज प्रथम फुटला तेव्हा मंजुळ असावा अशी अपेक्षा करणे हेच चमत्कारिक आहे.

आणि हा आवाज एकटा राहिला नाही. १९१७ मध्ये बडोद्यास भगवंतराव पाळेकरांनी ‘जागृति’ काढले, त्याच वर्षी पुण्यास वालचंद कोठारींचे ‘जागरूक’ निघाले, १९१९ मध्ये श्रीपतराव शिंदे यांचे ‘विजयी मराठा’ आले, १९२५ मध्ये कोल्हापुरात खंडेराव बागलांनी ‘हंटर’ सुरू केले, आणि आपल्या बेळगावात शामराव देसाई यांचे ‘राष्ट्रवीर’ उभे राहिले. बडोदे, कोल्हापूर, बेळगाव ही तेव्हा तीन वेगवेगळ्या राजवटींची गावे. परंतु मराठी वाचणाऱ्या बहुजनांचा एक अदृश्य गाव या पत्रांनी वसविला. सरहद्दीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. राज्याची रेषा सरकार आखते. वाचकांची रेषा टपालवाला आखतो.

‘दीनमित्र’ मुकुंदरावांच्या हयातीपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत चालले. टिळक मंडालेस असताना निघालेले हे पत्र महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन सात वर्षे होईपर्यंत टिकले. दोन महायुद्धे गेली, कागदाची टंचाई आली आणि गेली, रुपयाचे आणे जाऊन नवे पैसे आले. एवढ्या काळात शहरांतील किती पत्रे निघाली आणि बुडाली! मात्र संपादक गेले आणि पत्रही थांबले. यात त्यांचा मोठेपणा आहे तशी आपली उणीवही आहे. आपल्याकडे स्थानिक पत्र हे संस्थेच्या नव्हे, माणसाच्या बळावर चालते. लिहिणारा तोच, तपासणारा तोच, वर्गणी मागावयास जाणाराही तोच. तो थकला की त्याच्या मागे खिळ्यांची पेटी मोडीत जाते आणि अंक माळ्यावर जातात. सुदैवाने तरवडीने आपल्या संपादकाला विसरू दिले नाही. तेथे मुकुंदरावांच्या नावाने स्मारक आणि ग्रंथालय आहे, त्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात आणि त्यांचे लेखन पुढे ग्रंथरूपानेही आले.

परंतु प्रत्येक गावाचे भाग्य तरवडीसारखे नसते. १९५४ च्या कायद्याने ग्रंथांच्या प्रती देशातील ठरावीक ग्रंथालयांत पाठविणे बंधनकारक झाले आणि १९५६ मध्ये तो नियम वर्तमानपत्रांनाही लागला. कायदा चांगला आहे. तरीही कोणत्या तालुक्याच्या साप्ताहिकाने किती नियमाने अंक पाठविले असतील याची कल्पना कोणीही करावी; ज्यास टपालखर्चाची भ्रांत तो कोलकात्याला अंक कोठून धाडणार? शिवाय वृत्तपत्राचा कागदच अल्पायुषी. लाकडाच्या लगद्यातील आम्लाने तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. मोडी दफ्तरे दोनदोनशे वर्षे टिकली, कारण तो कागद चिंध्यांचा आणि हातचा होता. आपल्या वडिलांच्या काळचे साप्ताहिक मात्र आपल्या डोळ्यांदेखत पीठ होत आहे.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घराच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या कागदांतही आपल्या गावच्या बंद पडलेल्या साप्ताहिकाचा एखादा अंक असू शकेल. तो रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. घडी असेल तर ती हलकेच मोडावी, सुतळी काढून टाकावी, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवावा. अंकावरील तारीख, संपादकांचे नाव आणि छापखान्याचे नाव वहीत उतरून घ्यावे. आता तर घरोघरी भ्रमणध्वनी आहे. पानांची छायाचित्रे काढून गावच्या वाचनालयास द्यावीत. एका रविवारचे हे काम आहे. शिक्षकबंधूंनी मुलांकरवी ते करून घ्यावे. आमच्या शाळेत गेली काही वर्षे यासाठी एक कपाट राखून ठेवले आहे आणि त्याची किल्ली आम्ही स्वतःजवळ ठेवतो. मोडीत काढण्याच्या यादीवर सही करण्यापूर्वी ‘जुने कागद’ या ओळीपाशी आमचा हात आता थांबतो.

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. १९५३ चा तो अंकही आजवर सापडलेला नाही. बाई निघून गेल्यावर आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलेल्या तीन ओळी शाळेच्या वहीत लिहून ठेवल्या, तारीख घातली आणि खाली लिहिले : ‘मूळ अंक शाळेकडून नष्ट.’ ती वही त्याच कपाटात आहे.